आप्पांची नाडी आणि पाच कारणं



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

काल पोस्ट टाकता आली नाही. मिरजेला होतो, आप्पांची तपासणी होती. परत येताना कोयना एक्सप्रेसमध्ये हेच चार श्लोक वाचत बसलो आणि गेल्या दोन वर्षांतलं सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यामुळे आज नेहमीपेक्षा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी श्लोकांचा भावार्थ, माझ्या शब्दांत. भगवान अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म सिद्धीला जायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. शरीरानं, वाणीनं, मनानं माणूस जे काही करतो, बरं असो की वाईट, त्यामागे हे पाचही असतात. आणि एवढं असूनही जो म्हणतो की केलं ते मीच केलं, त्याला दिसत असूनही दिसत नाही.

अधिष्ठान म्हणजे हा देह. करण म्हणजे साधनं. भाष्यकार इथे इंद्रियं घेतात, मी आज ते जरा ओढून गोळीपर्यंत नेणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. चेष्टा म्हणजे हालचाली, खटपटी. आणि दैव म्हणजे आपण म्हणतो ते नशीब नव्हे. शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, डोळ्यांना सूर्य, तसं. म्हणजे आपल्या हातात नसलेलं, पण आपल्या बाजूनं काम करणारं काहीतरी. ‘नशिबात होतं’ म्हणून हात झटकायला हा शब्द नाही.

आता आप्पा.

आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, वय ६९. वारकरी. मिरज–पंढरपूर लाइन नॅरोगेज होती तेव्हापासून त्यांच्या पंढरीच्या फेऱ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी बीपी तपासताना मशीन सारखं एरर दाखवत होतं. डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि ईसीजी काढायला सांगितलं. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन.

सोपं करून सांगतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत संकेत उठतात. खालच्या कप्प्यांच्या वाटेवर एव्ही नोड नावाचा राखणदार असतो, तो सगळे आत सोडत नाही (आपल्या भाषेत रेट लिमिटर). पण जे सोडतो ते कधीही सोडतो. म्हणून नाडीला कसलाच हिशोब राहत नाही.

यात दोन वेगळे धोके आहेत आणि घरोघरी लोक ते एकात एक मिसळतात. पहिला, हृदय फार वेगानं धावतं, दम लागतो, पुढे हृदय थकतं. दुसरा जास्त वाईट: थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून गोळ्याही दोन प्रकारच्या. एक नाडीसाठी, एक रक्त पातळ ठेवण्यासाठी. नाडी शांत झाली म्हणून दुसरी गोळी बंद करणं ही नेहमीची चूक आहे, कारण धोका नाडीच्या वेगावर अवलंबून नसतो.

आप्पांना नाडीसाठी मेटोप्रोलॉल आणि रक्तासाठी ॲसिनोकुमारॉल सुरू झालं, मेडिकलमध्ये ॲसिट्रोम म्हणून मिळतं ते. आणि मी काय केलं? एक्सेल शीट. मनगटावर घड्याळ बांधून दिलं, रोजचे आकडे, रंगीत ग्राफ. हिंजवडीत बसून मिरजेतलं हृदय मॉनिटर करत होतो. खरं सांगतो, मनात कुठेतरी वाटत होतं की हे मी सांभाळतोय.

पहिला फटका एकादशीला बसला.

मेटोप्रोलॉलनं आप्पांना गळून गेल्यासारखं व्हायचं. कृष्णाघाटाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसायचे, कीर्तनात डुलकी लागायची. ही गोळी हृदयाचा वेग धरून ठेवते, काहींना असा थकवा येतो, त्यावर उपाय असतात. पण सांगायला हवं ना. आप्पांनी कुणालाच न सांगता गोळी अर्धी केली. मग एकादशी आली. डबीवर लिहिलेलं ‘जेवणानंतर’. उपास, म्हणजे जेवण नाही, म्हणजे गोळीही नाही. रात्री दहा वाजता आईचा फोन, छातीत धडधडतंय. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या की शरीर उलट उसळी मारतं. नाडी १४० च्या पुढे गेली होती. रात्र हॉस्पिटलमध्ये गेली.

मिरजेत एक बरं आहे, रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही कुठे न्यायचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून गाव दवाखान्यांचंच झालंय. बेळगाव, अथणीकडून पेशंट येतात, वेटिंगमध्ये निम्मं कानडी ऐकू येतं.

मी सकाळी पोहोचलो आणि आप्पांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, “अरे, त्या दिवशी पाणीसुद्धा मोजून घेतो मी, गोळी कशी घेणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथल्या डॉक्टरांकडे होतं. त्यांनी विचारलं, महिन्यात किती उपास, त्या दिवशी काय खाता, निर्जळ असतो का? आप्पांनी सगळं सांगितलं. साबुदाणा, भगर, दोन वेळा दूध. एकाही तपासणीला ही माहिती मी दिली नव्हती. माझ्या शीटमध्ये एकादशीचा कॉलम नव्हता. (तुमच्या घरीही बघा, आईवडिलांच्या किती गोळ्यांवर ‘जेवणानंतर’ लिहिलंय आणि उपासाला त्यांचं काय होतं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.)

पहिली बदली तेव्हा झाली. मेटोप्रोलॉल काढून एमिओडेरॉन. हे नाडीचा वेग तर कमी करतंच, पण मुळातली लयसुद्धा पुन्हा जागेवर आणू पाहतं. दहा-बारा दिवसांत घड्याळावरचा ग्राफ सरळ झाला. मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेली इमोजी. मामा, आत्या सगळ्यांनी ‘तुझ्यामुळे’ लिहिलं. मी नाही म्हणालो नाही.

त्याच आठवड्यात आप्पांच्या हिरडीतून ब्रश करताना रक्त यायला लागलं. कपाटाचं दार लागलेल्या दंडावर तळव्याएवढं काळंनिळं झालं.

ॲसिट्रोम घेणाऱ्याला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करत राहावी लागते. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास, आप्पांसारख्याचा दोन ते तीन हवा. दोनच्या खाली गुठळीची भीती, वर रक्तस्रावाची. आप्पांचा आला ५.९. कारण साधं होतं: एमिओडेरॉन यकृतातलं जे एन्झाइम ॲसिट्रोमचा निचरा करतं त्यालाच अडवतं. गोळी तीच, डोस तोच, पण शरीरात साचत जाते. आपल्याकडे एखादी लायब्ररी अपडेट केल्यावर न शिवलेलं दुसरंच मॉड्यूल कोसळतं, तसं.

डॉक्टर चुकले होते का? नाही. चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं होतं, पाच दिवसांनी आयएनआर. मी चिठ्ठीचा फोटो काढला, वरच्या गोळ्या शीटमध्ये भरल्या आणि आयएनआरचा रिमाइंडर दर महिन्याच्या एक तारखेला होता तसाच ठेवला. तळाची ओळ मी वाचलीच नाही. ग्राफ सुंदर दिसत होता ना.

ॲसिट्रोम दोन दिवस थांबवली, पुन्हा रक्त तपासलं, मग कमी डोसवर सुरू केली. मेंदूत रक्तस्राव झाला नाही. त्या दोन रात्री मी आप्पांच्या कॉटशेजारी जमिनीवर झोपलो, झोपलो म्हणजे पडलो. दर तासाला उठून त्यांना नाव विचारावंसं वाटायचं, बोलणं जड झालंय का बघायला. तेव्हा गीता वगैरे काही आठवली नाही. नुसती भीती होती.

श्लोक नंतर आठवला, आणि टोचला. ‘तुझ्यामुळे’ हा शब्द मी घेतला होता. मग आता ५.९ पण माझ्यामुळेच का? हो आणि नाही. चेष्टा माझी होती आणि ती अर्धवट होती, हे खरं. पण आप्पांचं यकृत, दोन रसायनांचं आपसातलं नातं, काहीच त्रास न होता गेलेली ती रात्र, यातलं माझं काय? नुसता ‘मी’ धरला तर यशात फुगायचं आणि अपयशात मोडून पडायचं, दोन्ही एकाच चुकीची टोकं. ज्ञानेश्वरीतला अठरावा अध्याय सगळ्यात मोठा का, हे मला आता थोडं थोडं समजतंय.

इथे एक इतिहासातली गोष्ट सांगतो, कारण ग्राफच्या प्रेमात पडणारा मी एकटा नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयात कधीकधी जादाचे ठोके पडतात आणि अशांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. मग ठोके दाबणारी औषधं दिली तर माणसं वाचतील, असं सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ईसीजीवरचे ठोके खरोखर कमी झाले. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागदावरची रेघ सुधारली होती, माणसं जास्त मरत होती. हा आप्पांचा आजार नव्हे, आणि फ्लेकेनाइड आजही वापरतात, हृदय बाकी चांगलं असलेल्यांना. म्हणजे साधन वाईट नव्हतं, अधिष्ठान वेगळं होतं.

अधिष्ठानाचंच दुसरं उदाहरण आमच्या शेजारच्या काकूंचं. त्यांना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्यानं हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाली. त्यांची नाडीही आप्पांसारखीच आणि गोळीही ॲसिट्रोमच. पुढे आप्पांना नवी गोळी मिळाली, जिला सारखं आयएनआर लागत नाही, तेव्हा काकू म्हणाल्या, “मला पण तीच सांग रे, सुया टोचून हात चाळणी झालाय.” मी ऐटीत नाव लिहून दिलं, विचारून बघा म्हटलं. त्यांच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाच्या चाचणीचे निकाल आले. त्यात अशाच झडपेच्या साडेचार हजारांवर रुग्णांमध्ये नव्या पिढीतल्या रिव्हारोक्सॅबनची तुलना जुन्या गोळ्यांशी केली होती, आणि जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. नवं ते चांगलं हे आमच्या क्षेत्रातलं वेड आहे. काकू अजून आयएनआर करतात, आणि मला बघितलं की हसतात.

एमिओडेरॉनवर आप्पा आठ महिने होते. या औषधाच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. सगळं आयोडीन सुटं होत नाही, तरी थायरॉइडवर भार पडतो. म्हणून दर काही महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत तपासतात. या वेळी तारीख मी चुकवली नाही. टीएसएच वाढलेला निघाला. दुसरी बदली.

ही बदली करताना डॉक्टरांनी जे समजावलं ते ऐकून मला डेटाबेस मायग्रेशनच आठवलं. एमिओडेरॉन चरबीत साठतं, बंद केलं तरी निम्मं उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. म्हणजे गोळी डबीतून गेली तरी शरीरातून गेलेली नसते, जुनी सिस्टिम मागे चालूच असते. त्यामुळे नवं बिसोप्रोलॉल अगदी कमी, सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू झालं. दोघं मिळून नाडी फारच मंद होऊ नये म्हणून. मग हळूहळू अडीच. आप्पा म्हणाले, “जवारी लावतायत माझी.” मिरजेत तंबोऱ्यावाल्यांच्या गल्लीत ज्यानं कुणी घोडीवर कानस फिरवताना पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. जरा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा जरा घासायचं.

रक्ताच्या गोळीचीही बदली झाली. ॲसिट्रोम बंद, पण नवी लगेच नाही. आयएनआर ठरावीक आकड्याखाली उतरेपर्यंत थांबायचं, आणि तो आकडा कुठली नवी गोळी यावर ठरतो. घाई केली तर दोन्हींचा परिणाम एकावर एक बसतो, उशीर केला तर मधले दिवस उघडे पडतात. आणि निवड कशी झाली ते ऐका. रिव्हारोक्सॅबन दिवसातून एकदाच घ्यायची, सोयीची, पण ती जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. एपिक्सॅबन दोनदा घ्यायची, पण जेवणाशी संबंध नाही. आप्पांची मूत्रपिंडं वगैरे सगळं बघून डॉक्टर म्हणाले, यांना एपिक्सॅबन. कारण एकादशी. तासभर ईसीजी आणि रिपोर्ट बघितल्यावर गोळी ठरली ती आप्पांनी साबुदाणा-भगरीचं खरं सांगितल्यामुळे!

पेशंटचं ऐकण्यावरून अजून एक सांगतो, मला फार आवडते ही गोष्ट. १९१२ मध्ये व्हेन्केबाख नावाच्या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला, नाडी अशीच अनियमित. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मला माहितीये, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आला तो नियमित नाडी घेऊन. हिवतापाच्या मुलखात राहिल्यामुळे त्याला क्विनाइनची सवय होती, आणि ते घेतलं की धडधड थांबते हे त्याला स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं. पुढे १९१८ मध्ये फ्राय यांनी क्विनाइनचंच भावंड क्विनिडीन जास्त गुणकारी असल्याचं दाखवलं आणि ते कित्येक दशकं वापरलं गेलं. म्हणून काय स्वतःच गोळ्या घ्यायच्या का? नाही हो. त्यानं जाऊन डॉक्टरला सांगितलं, एवढंच. आप्पांनी अर्धी केलेली गोळी सांगितली नव्हती, हा त्या दोघांतला फरक.

हेही लिहून ठेवतो: हे वाचून कुणीही आपली किंवा घरच्यांची गोळी बदलू, तोडू, थांबवू नका. आप्पांची गोष्ट आप्पांच्या देहाची आहे.

आता कालची तपासणी. आप्पांची लय अजून बिघडलेलीच आहे. एमिओडेरॉन उतरलं तशी ती परत गेली. मला वाटलं होतं डॉक्टर पुन्हा काहीतरी नवं काढतील, मी तर तयारीनं वाचूनही गेलो होतो. ते म्हणाले, वेग आटोक्यात आहे, दम लागत नाही, रक्ताची गोळी चालू आहे. लय नाही आली तरी चालेल. २००२ मध्ये एफर्म नावाच्या चाचणीत ४,०६० रुग्णांमध्ये लय परत आणण्याचा प्रयत्न आणि नुसता वेग सांभाळणं यांची तुलना झाली, आयुष्यात फरक पडला नाही. मी लगेच म्हणालो, पण २०२० मध्ये आलेल्या ईस्ट चाचणीत तर लवकर लय सुधारलेल्यांना फायदा झाला होता! डॉक्टर हसले. लवकर म्हणजे निदानापासून वर्षभरात. तुमच्या वडिलांना एक सोसलं नाही. अजून मार्ग आहेत, त्रास वाढला तर बघू. आज गरज नाही.

बाहेर आल्यावर मी गप्प होतो. दोन वर्षं मला ती रेघ सरळ हवी होती. आप्पांनी विचारलं, “तुला वाईट वाटलं का?” म्हटलं, थोडं. ते म्हणाले, “मला घाट चढता येतो आता. कीर्तनात जागा असतो. तुला अजून काय पाहिजे?”

घरी आल्यावर घड्याळ काढून ठेवलं. अनियमित नाडीत पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा चुकतो, पूर्ण मिनिटभर मोजावी लागते. आईला तसं शिकवलं. तिनं देवघरातलं घड्याळ समोर ठेवून, मनगटावर तीन बोटं ठेवून मोजली. ७८. वहीत लिहिलं, शेजारी तिथी लिहिली. परवा एकादशी आहे. डबीत दोन्ही वेळच्या एपिक्सॅबन आणि सकाळची बिसोप्रोलॉल भरून ठेवली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आप्पांनी या वेळी पाणी मोजायचं नाही असं कबूल केलंय. मी फोन करून विचारणार आहेच.

उद्या श्लोक १७. राम कृष्ण हरी.